डोरीनचा पाचवा नंबर

डोरीन पॅलिस्टर इंग्लंडातल्या आमच्या ब्रॅकन्शॉ गावची बस चालवते. सकाळी सहा दहाची, डरहॅमला जाणारी. एकतीस वर्षं झाली. कोणी धापा टाकत येताना दिसलं की ती थांबते, चढू देते, आणि मग पुढचे चार थांबे त्याची खरडपट्टी काढते. वय एकोणसाठ, उंची बेताची, पंजे फावड्यासारखे. तिच्या घराची आणि माझ्या घराची मधली भिंत एकच आहे. मी या गावात अठ्ठावीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं, म्हणजे गावातल्या प्रत्येकाचं पोट आणि प्रत्येकाची झोप मला ठाऊक. तरी डोरीनच्या डोक्यावर कर्ज आहे हे मला पोस्टमननं चुकून माझ्या दारात टाकलेल्या आणि मी चष्मा न लावता फोडलेल्या एका पाकिटामुळेच कळलं.

मी पाकीट घेऊन गेलो तर बाई पांढरीफटक पडली. "विज, वाचलंस?"

"पहिल्या दोनच ओळी."

"त्यातच सगळं आहे," ती म्हणाली आणि चहा टाकला. आमच्याकडे माणूस कोसळला तरी आधी चहा टाकतात.

कर्जाची गोष्ट छोटी आहे. नऊ वर्षांपूर्वी तिनं आणि तिचा नवरा डेनिस यानं समुद्रकाठी एक कॅरॅव्हॅन घेतली, चाकं असूनही कुठेही न जाणारी. दोन वर्षांनी डेनिस तिच्यात कायमचा राहायला गेला. सोबत होती त्या कॅरॅव्हॅनतळाच्या ऑफिसातली बाई. कर्जाच्या कागदांवर सही मात्र एकट्या डोरीनची, कारण सहीच्या दिवशी डेनिसला चष्मा सापडत नव्हता. मग जागेचं भाडं भरायला एक कार्ड, त्या कार्डाचा हप्ता भरायला दुसरं कार्ड, असं करत चौतीस हजार पौंड झाले. शेवटी रीतसर तडजोड झाली: पाच वर्षं महिन्याला दोनशेवीस पौंड भरायचे, मग उरलेलं माफ. देखरेखीला एक ऑफिस. अट अशी की या पाच वर्षांत पाचशे पौंडांच्या वरचं काही आभाळातून पडलं, वारसा म्हणा, लॉटरी म्हणा, बक्षीस म्हणा, तर ते सावकारांचं.

दरवर्षी त्या ऑफिसातली मिस फेअरब्रदर फोन करून घरखर्च तपासायची. अतिशय सभ्य बाई.

"मिस पॅलिस्टर, किराण्यात काळी बिअर दिसतेय. आठवड्याला सहा बाटल्या."

"मी नाही हो पीत."

"मग कोण पितं?"

"लीक पितात."

पलीकडे पेन खरडल्याचा आवाज. "हे लीक आपल्यावर अवलंबून आहेत का?"

"पूर्णपणे."

"वय काय त्यांचं?"

"एप्रिलात लावल्यात."

लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा पैलवान भाऊ. आमच्याकडे तो खाण्यापेक्षा मोजायला लावतात. गावची कोळशाची खाण चालू होती तेव्हाही आणि बंद पडून तीस वर्षं लोटल्यावरही या गावात माणसाची पत एकाच गोष्टीवर ठरते, त्याची लीक केवढी. जन्मभर जमिनीखाली राबलेल्या माणसांना वर आल्यावर पुन्हा मातीतच हात घालायची हौस का, हे मला आजवर कळलेलं नाही. मीही दोनदा लावून पाहिली. दोन्ही वेळा लोकांनी जवळ येऊन हळू आवाजात सांत्वन केलं.

ऑगस्टात क्लबची कमिटी घरोघर फिरून जमिनीतल्या लीकच्या पानांवर रबरी शिक्के मारते, म्हणजे कोणी दुसऱ्याची लीक आणून स्वतःची म्हणून मांडू नये. शिक्का बसला की प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत लीक जागची हलवायची नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी क्लबात जोडीजोडीनं मांडायची. मग परीक्षक टेप घेऊन येतो आणि घनइंचांत माप काढतो. बक्षिसं घरच्या वस्तूंची: पहिल्याला मानाचा कप आणि वर सोफा, टीव्ही असलं काही, आणि खाली उतरत उतरत पाचव्याला किटली.

डोरीनचा बाप टॉमी पॅलिस्टर; डेनिस गेल्यावर तिनं माहेरचंच नाव परत लावलं. त्यानं चाळीस वर्षं पहिला नंबर सोडला नाही. दुसरा नंबर चाळीस वर्षं कथबर्ट हेडलीचा. टॉमी गेल्यावर डोरीन पहिली यायला लागली आणि कथबर्ट पुन्हा दुसराच. मात्र मागची तीन वर्षं कथबर्ट पहिला आणि डोरीन पाचवी. गाव हळहळलं. "बापाचा हात होता, पोरीत उतरला नाही," असं लोक तिच्याच बसमध्ये बसून बोलायचे.

त्या चहावर तिनं मला खरं सांगितलं. ती मुद्दाम हरत होती. पहिलं बक्षीस सातशे-आठशेचं. ते मिळालं तर सावकारांना द्यावं लागणार. दिलं तर गाव विचारणार, टीव्ही कुठं गेला गं? म्हणून ती चरातली सगळ्यात मोठी जोडी सूपात घालायची आणि बारकी जोडी क्लबात न्यायची.

"तीन किटल्या झाल्यात," ती म्हणाली. खरंच फळीवर तीन होत्या, एकीचा खोकासुद्धा उघडलेला नव्हता.

"अगं, मग सांगून टाकायचं. कर्ज काय फक्त तुलाच आहे?"

"झाकली मूठ आहे, विज. राहू दे झाकलेली."

हे गेल्या मार्चातलं. मेमध्ये क्लबाची इमारत विकायची ठरली आणि यंदाचं प्रदर्शन शेवटचं, असं जाहीर झालं. शिल्लक सगळी बक्षिसांत घालायची: पहिल्याला रोख पंधराशे, दुसऱ्याला साडेचारशे, बाकीच्यांना टाळ्या. कथबर्ट आता चौऱ्याऐंशीचा, बायको आयव्ही गेल्यापासून एकटाच. पाचवी म्हणून गावाच्या आठवणीत कायमचं राहायचं, ही कल्पना डोरीनला सहन होईना. तिनं मिस फेअरब्रदरला फोन केला आणि विचारलं, यातून लवकर सुटायचं असेल तर?

उत्तर आलं की एकरकमी नऊ हजार दिलेत तर सावकार तडजोड संपली असं मानतील. नऊ हजार कुठून आणायचे? घर पुन्हा गहाण टाकून. जुनं गहाण जवळपास फिटत आलेलं. ते मोडून नवं मोठं काढायचं, सतरा वर्षांचं. पैसे प्रदर्शनाच्या आत पोचले की डोरीन मोकळी, आणि बक्षीस तिचं स्वतःचं.

ऑगस्टात तिनं अर्ज भरायला घेतला तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. "हे बघ. तुझे राहिले एकवीस हप्ते. शेवटी घराच्या किमतीतून सावकारांना काही देता आलं नाही तर अटीप्रमाणे आणखी बारा. एकूण सात हजार दोनशेसाठ. ते वाचवायला तू नऊ हजार देणार, आणि त्या नऊ हजारांवर सतरा वर्षं व्याज. शहात्तराव्या वर्षी फिटेल."

"बरोबर आहे तुझं."

"आणि मिळणार काय?"

"पहिला नंबर."

"लीकमध्ये!"

"मग काय नाचण्यात?" ती म्हणाली.

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिची लीक मी रोज बघत होतो. माझ्या मांडीएवढी जाड झाली होती. आणि खरं सांगायचं तर कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाचाही जीव त्या लीकमध्ये अडकला होता.

ऑगस्टाच्या अखेरीला कर्ज देणाऱ्यांचा सर्वेअर घराची किंमत ठरवायला आला. पॉलिश केलेले बूट, हातात टेप. आदल्याच आठवड्यात शिक्के मारून झाले होते. डोरीननं घर आतून आरशासारखं केलं होतं. बाहेरचं काही आवरायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण तिच्या लेखी लीकच्या चरापेक्षा सुंदर काही त्या घरात नव्हतं. सर्वेअर बाजूच्या भिंतीशी बराच वेळ उभा राहिला. त्यानं काही विचारलं नाही आणि डोरीननंही सांगितलं नाही. तिनं त्याला चहा दिला, त्यानं हवेबद्दल दोन शब्द काढले, आणि दोघांनी अत्यंत समाधानानं एकमेकांचा निरोप घेतला. आमच्याकडे दोन सभ्य माणसं भेटली की कामाचं तेवढं बोलायचं राहून जातं.

अहवाल आला. मी तो दोनदा मोठ्यानं वाचला. "बाजूच्या भिंतीलगत अज्ञात हेतूने खोदलेला बावीस फूट लांब, तीन फूट खोल खड्डा. पायास धोका संभवतो. खड्ड्यात अवाढव्य वनस्पती आढळल्या. त्यांच्यावर अधिकृत दिसणारे शिक्के आहेत. ते कोणत्या खात्याचे, हे समजू शकले नाही." खाली अट: खड्डा दहा दिवसांत बुजवावा, माती चोपून घट्ट करावी आणि फोटो पाठवावा, मगच कर्ज.

दहा दिवस म्हणजे प्रदर्शनाच्या आधीचा शनिवार. मुदत वाढवून मागितली तर पैसे प्रदर्शनानंतर येणार, म्हणजे बक्षीस पुन्हा सावकारांचंच. थोडक्यात, लीक मांडता यावी म्हणून घर गहाण टाकायचं, आणि घर गहाण टाकता यावं म्हणून लीक गाडायची. मी हसायला लागलो. डोरीन हसली नाही, म्हणून मीही थांबलो.

"लीक दुसरीकडे हलवल्या तर?" मी म्हणालो. "माझ्या परसात?"

"शिक्के बसलेत. कमिटीची परवानगी लागेल."

"मग माग."

"कारण विचारतील," ती म्हणाली आणि खुर्चीत खचली. चौतीस हजारांचं कर्ज बाईनं न डगमगता पेललं होतं. पाच माणसांसमोर एक वाक्य बोलायचं म्हटल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मंगळवारी कमिटीची सभा होती. मी सोबत गेलो. क्लबाच्या मागच्या खोलीत पाच जण, मधोमध अध्यक्ष कथबर्ट, डोक्यावर टोपी. खजिनदारीणबाई नोरा विणत बसलेली.

डोरीन उभी राहिली. "मला माझी लीक हलवायचीय. खड्डा बुजवायचाय. घर गहाण टाकायचंय. कारण माझ्या डोक्यावर कर्ज आहे. सरकारी कागदावरचं, तडजोड वगैरे झालेलं. तीन वर्षं होऊन गेली."

कोणी मान वर केली नाही. नोरानं विणता विणता म्हटलं, "हो का? आमच्या रॉयचं गेल्या वर्षी फिटलं. कुठलं ऑफिस तुझं?"

डोरीन तिच्याकडे बघतच राहिली. जी गोष्ट लपवायला ती तीन वर्षं लीकचं सूप करून प्यायली, ती नोराच्या विणकामाच्या एका टाक्यातही अडकली नाही. तिथंच ती बसली असती तर काही झालं नसतं. पण जीव हलका झाला की माणसाला बोलायचं भान राहत नाही. ती पुढं म्हणाली, "आणि म्हणूनच मी इतकी वर्षं मुद्दाम पाचवी येत होते. मोठी जोडी घरी ठेवून."

यावर मात्र नोराच्या सुया थांबल्या. कथबर्ट टेबलाला धरून हळूहळू उभा राहिला.

"मुद्दाम?"

"हो, म्हणजे..."

"म्हणजे मी तुझ्या उरल्यासुरल्याला हरवलं?"

"कथबर्ट, तसं नाही रे..."

"तुझ्या बापानं मला चाळीस वर्षं हरवलं. उघड्यावर, टेप लावून. मी कधी एक शब्द बोललो? आणि तू मला भीक घातलीस?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "आयव्ही गेली तेव्हा तो कप तिच्या उशाशी होता. 'हरवलंस बाबा एकदाचं पॅलिस्टरांना,' म्हणाली. हे तिचं शेवटचं धड बोलणं. आता मी त्याचं काय करू?"

कथबर्टनं कोट घातला, दोनदा चुकीच्या बाहीत हात घातला, आणि निघून गेला. परवानगीचं तसंच राहिलं. घरी येताना डोरीन वाटभर रडत होती, आणि मला या वेळी चहासुद्धा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसवरून परतली तर फाटकात हातगाडी. कथबर्टनं तीन वर्षांची पहिली बक्षिसं, आरामखुर्ची, टीव्ही आणि कपडे वाळवायचं मशीन एकट्यानं ढकलत आणलं होतं. "हे माझं नाही," तो म्हणाला.

"अरे, मला घेता येत नाही! पाचशेच्या वर आहे!"

"ते तुझं तू बघ."

तिनं मिस फेअरब्रदरला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"म्हणजे तुम्ही न जिंकलेलं बक्षीस, जिंकलेल्या माणसानं, तुम्ही जिंकू शकला असता म्हणून परत केलं?"

"हो."

"अंदाजे किंमत?"

डोरीननं फोन ठेवला. सामान तिच्या हद्दीत शिरलं तर सावकारांचं, आणि कथबर्ट ते हद्दीबाहेर न्यायला तयार नाही. मग तो ऐवज दिवसभर फूटपाथवर उभा राहिला आणि संध्याकाळी पाऊस आल्यावर माझ्या गॅरेजात आला. आरामखुर्ची चांगली होती. मी बसून पाहिली.

त्या रात्री डोरीननं कर्जाचा अर्ज मागं घेतला.

"आता सांगून तर झालं," ती म्हणाली. "आता कोणापासून लपवायचं म्हणून घर गहाण टाकू?"

"मी चार महिने दुसरं काय सांगत होतो?"

"तू आकडे सांगत होतास." मग जरा थांबून म्हणाली, "मोठी जोडी मांडणार. पंधराशे सावकारांना जातील. जाऊ देत. पण आता मला त्याला हरवायचंय की नाही, तेच कळत नाही. हरवलं तर आयव्हीचं बोलणं खोटं. आणि पुन्हा बारकी मांडली तर तो मला गाडेल त्याच चरात."

"मग?"

"मग काय, मोठी," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी कमिटीनं लीक उपटल्या. कथबर्टनं स्वतः येऊन चर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, काठीनं माती उकरली, वरच्या फळीवरचं सुपाचं पातेलंही उघडून पाहिलं. चरात काही राहिलेलं नाही याची खात्री झाल्यावरच तो गेला. शिक्क्यांशिवाय तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

शनिवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. सभेतली बातमी गावभर झाली होती, आणि आश्चर्य म्हणजे कर्जाबद्दल कोणी काही विचारत नव्हतं. सगळे फक्त एवढंच विचारत होते, "मोठी आणलीस ना?" टेबलावर दोन जोड्या शेजारी शेजारी. नजरेला काही फरक कळेना. परीक्षक सुंदरलंडचा, बाहेरचा. त्यानं टेप लावला, आकडे लिहिले, पुन्हा टेप लावला. मी औषधवाला माणूस, लीक खाल्ली तर मला ढेकर येतात, आणि मी टोपी चुरगळत उभा.

"डोरीन पॅलिस्टर, एकशे अडतीस पॉइंट दोन."

गेल्या वीस वर्षांतला हा सगळ्यात मोठा आकडा. टाळ्या सुरू झाल्या. परीक्षकानं हात वर केला.

"कथबर्ट हेडली, एकशे एकोणचाळीस पॉइंट सहा."

कथबर्ट काठी टेकत डोरीनपाशी आला.

"हीच ना?"

"हीच."

"घरी नाही ना आणखी?"

"तूच उकरून बघितलंस ना काल! याहून मोठी माझ्या हातून कधी झालीच नाही, कथबर्ट. होतं ते सगळं आणलं, आणि हरले." बोलता बोलता तिलाच ते कळलं असावं, कारण ती थांबली आणि सावकाश म्हणाली, "मागच्या तीन वर्षांतलीही एवढी नव्हती, आणि ती मी तुझ्या आकड्याशी कधी ताडूनही पाहिली नाही. तेव्हाही तूच पहिला आला असतास. मी उगाच समजत होते, मी हरतेय म्हणून."

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते. नंतर टोपीच्या आतूनच म्हणाला, "मशीन उद्या नेतो. कपडे वाळत नाहीत."

घरी येताना डोरीनच्या हातात दुसऱ्या बक्षिसाचं पाकीट होतं. कोपऱ्यावर ती थांबली.

"साडेचारशे. पाचशेच्या आत ना, विज?"

"आत."

"म्हणजे माझे." मग ती कुंपणाला टेकून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "सतरा वर्षं! शहात्तरची होईपर्यंत फेडत बसले असते. कशासाठी? तर दुसरी यायला!" मीही हसलो. कागद-पेन्सिलीची आठवण तिला करून द्यावीशी फार वाटली, पण दिली नाही.

सोमवारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी सहा दहाची बस पकडली. क्लबाच्या थांब्यावर दूधवाला चढला. तो शनिवारी गावात नव्हता.

"काय गं डोरीन, कितवी?"

"दुसरी."

"आणि ते कर्जाचं ऐकलं ते खरं का? अजून किती?"

"वीस महिने. फार तर बत्तीस."

दोन्ही उत्तरं तिनं एकाच आवाजात, मागच्या सीटपर्यंत ऐकू जातील अशी दिली, आणि सुट्टे पैसे नसल्याबद्दल त्याला झापायला लागली.